उलकानचा हातगुण

उलकानचा उजवा हात थरथरायला लागला तो एप्रिलात, आणि त्याच आठवड्यात तिचे सहाशे रेनकोट तीन दिवसांत संपले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे गल्लीतल्या बायकांनी डॉक्टरच्या चार महिने आधी ओळखलं. फक्त सांधा कुठल्या बाजूने जोडायचा, तेवढं त्यांचं चुकलं.

बिश्केकच्या कडेला दोर्दोईचा बाजार आहे, त्यातल्या सहाव्या गल्लीत तिचा कंटेनर. खालच्या कंटेनरमध्ये दुकान, त्याच्या डोक्यावर चढवलेल्या दुसऱ्यात माल, आणि मध्ये एक शिडी. मुलांचे कपडे विकायची. अठरा वर्षं विकत होती, आणि या अठरा वर्षांत तिनं दोनशेच्या वर नग कधी एका वेळी मागवले नव्हते. माल मागवण्याआधी नारीन, तलास, ओश अशा लांबच्या गावांतल्या दुकानदारणींना एकेक करून फोन करायचा, कुठला रंग, कुठलं माप, किती, ते वहीत टिपायचं, बेरीज करायची, आणि मग बेरजेच्या निम्मं मागवायचं, अशी तिची रीत. गल्लीत तिचं नावच पडलं होतं, अर्धी उलकान. बुडाली कधी नाही. वर आली असंही नाही.

या वसंतात मात्र काहीतरी झालं. पहाटे चारला डोळे टक्क उघडायला लागले. अंगातून उष्णता अशी निघायची की नवरा रजई ओढायचा तेव्हा ही खिडकी उघडायची. स्कर्ट कमरेवरून घसरायला लागले. आणि छातीत काय धडधडायचं म्हणून सांगू, जणू कुणी सतत आनंदाची बातमी घेऊन जिना चढत येतंय. त्याच भरात तिनं एकही फोन न करता सहाशे रेनकोट उचलले. मग सबंध महिना पाऊस पडला. जुलैत दोन हजार दप्तरं उचलली, तीही गेली. गल्लीतल्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या.

शेजारच्या कंटेनरमधली झूरा-एजे, म्हणजे झूराताई, मोजे विकायची. बासष्ट वर्षांची, गेल्या शरदात नवरा गेलेला, जीभ मात्र पूर्वीइतकीच धारदार. तिनंच पहिल्यांदा तो हात पाहिला. उलकान सुटे पैसे परत देत होती आणि नोटा पानांसारख्या फडफडत होत्या.

"बघा गं," झूरा-एजे म्हणाली, "हिचा हात पैशाला हाका मारतोय."

झालं. सकाळच्या भवानीची नोट मालावरून फिरवायची चाल तिथे सगळ्यांचीच आहे, पहिला पैसा बाकीच्यांना घेऊन येतो म्हणून. आता ती नोट मालावरून फिरवण्याआधी उलकानच्या तळहातावर ठेवायची असं सुरू झालं. स्कार्फवाली पेरीझात यायची, कानटोप्यावाल्या दोघी बहिणी यायच्या. उलकान हसायची, पण हात पुढे करायची. अठरा वर्षं जिला अर्धी म्हटलं, तिच्या हातावर रोज सकाळी रांग लागते, तर कोण हात मागे घेईल?

ऑगस्टात हिवाळ्याच्या मालाची वेळ आली तेव्हा उलकानच्या डोक्यात पाच हजार चंदेरी जाकिटं होती. चीनमधल्या कारखान्याचा माल, आणणारा एजंट तोलकुन नावाचा गोड बोलणारा माणूस. पाचशे घेतली तर नगाला तेरा डॉलर, पाच हजार घेतली तर नऊ. गल्लीतल्या सहा जणींनी तिच्याबरोबर पैसे घातले. उरलेल्यासाठी ती आपला कंटेनर गहाण टाकणार होती. शुक्रवारी अर्धे पैसे भरायचे होते.

झूरा-एजेनं दिले ते आशचे पैसे. नवऱ्याला जाऊन वर्ष होत होतं. ऑक्टोबरात गावी जाऊन आश घालायचा, म्हणजे सगळा भावकीचा पसारा जेवू घालायचा, आणि घोडा कापल्याशिवाय तो आश काही आश नव्हे. "घोड्याचे पैसे आहेत हे," ती म्हणाली होती. "तुझ्या हातातून गेले तर घोडा जाऊन दोन घोडे येतील. म्हाताऱ्याला तेवढाच मान."

तेव्हा उलकानला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. हीच तर गोष्ट होती, की त्या दिवसांत कशातच काही वावगं वाटत नव्हतं.

सोमवारी ती शिडी चढून वरच्या कंटेनरमध्ये गेली आणि खाली यायचं विसरली. म्हणजे, पोत्यांवर पडली. पेरीझातनं हाका मारल्या, मग किंचाळली. नवरा मेदेरबेक शाळेत भूगोल शिकवायचा, सुट्टी होती म्हणून घरीच होता. तो धावत आला आणि दुसऱ्या दिवशी तिला ओढतच रक्त तपासायला घेऊन गेला.

बुधवारी डॉक्टर बुरुल असानोव्नांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "दोन्ही हात पुढे करा. बोटं पसरा."

तिनं केले. डॉक्टरांनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून तिच्या बोटांवर ठेवला. कागद पॉपलरच्या पानासारखा सळसळायला लागला. उलकान त्याच्याकडे बघत राहिली. रोज सकाळी याच हातावर नोटा याच सुरात वाजत होत्या.

"झोप?"

"चार तास. पण पुरते."

"वजन?"

"अकरा किलो उतरलं. बाजारात पोरी विचारतात, काय खातेस."

"आणि काय खाता?"

"सगळं."

"चिडचिड?"

मेदेरबेकनं छताकडे पाहिलं.

"एवढ्यात मोठी खरेदी-बिरेदी काही?"

आता उलकाननं छताकडे पाहिलं. मेदेरबेक हळूच म्हणाला, "पाच हजार जाकिटं."

"अजून घेतलेली नाहीत," उलकान म्हणाली. "परवा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. कोपऱ्यात पाणी उकळत होतं, त्यांनी उठून तिघांसाठी चहा केला. तिला ते चांगलं लक्षण वाटलं नाही. डॉक्टर चहा करतात तेव्हा सांगायला वेळ लागणार असतो.

"गळ्यात एक ग्रंथी असते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांच्या असते. तुमची तिप्पट हार्मोन ओततेय रक्तात. म्हणून हात, म्हणून घाम, म्हणून छाती. आणि डोकंही त्याच रक्तावर चालतं ना. माझ्या एका पेशंटनं चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहून दोन गायी विकत घेतल्या होत्या. शहाणी बाई, बँकेत होती."

"म्हणजे माझी हिंमत ही..." उलकान म्हणाली.

"हिंमत मला रक्तात दिसत नाही. कुठलं पाऊल तुमचं आणि कुठलं ग्रंथीचं, हे मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. पण पोटात भीतीचा गोळा येतो ना आपल्या, तो अशा दिवसांत यायचा विसरतो. नफा समोर दिसतो, त्याच्यामागे उभी असलेली खोट दिसत नाही."

"मग ते रेनकोट?"

"कुठले रेनकोट?"

"काही नाही."

त्यांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक ग्रंथीची, तिला सहा-सात आठवडे लागणार. दुसरी छातीची धडधड आणि हात शांत करायला, ती दोन तासांत काम करते. "आणि तोवर मोठं काहीही एकटीनं ठरवू नका," त्या म्हणाल्या. "चार माणसांत बसून ठरवा. हे औषधातच धरा."

घरी आल्यावर मेदेरबेकनं बटाट्याचं लगदा-लगदा झालेलं सूप केलं. उलकाननं ते दोन वाट्या खाल्लं आणि दोन्ही गोळ्यांची पाकिटं मिठाच्या भांड्याला टेकवून ठेवली.

"घेत का नाहीस?"

"घेईन." ती पाकिटांकडे बघत होती. "मास्तर, खरं सांग. मी तुला आवडत होते का, अशी भिंगरीसारखी फिरणारी? या चार महिन्यांत?"

तो विचार करून बोलणारा माणूस होता, वर्गातही पोरं झोपायची तोवर. "तू मे महिन्यात स्वयंपाकघरात नाचलीस," तो म्हणाला. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला ते फार आवडलं. आणि भीतीही वाटली. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. तू ऐकत होतीस कुठे. म्हणून मग..." तो उठला, कपाटावरून एक लांबलचक गुंडाळी काढली. शाळेचा जगाचा जुना नकाशा होता, अजून सोव्हिएत देश अख्खा असलेला. त्यानं तो उलगडला, तर उत्तर ध्रुवाकडून कंटेनरचे कागद घरंगळून खाली पडले.

उलकाननं आठवडाभर ते कागद शोधले होते. गाद्या उलटल्या होत्या, सासूच्या जुन्या पेटीवर संशय घेतला होता.

"मला म्हणालास, आठवत नाही कुठे ठेवले!"

"खोटं बोललो."

ती चिडणार होती. तोंड उघडलंही. पण त्याचा चेहरा असा झाला होता, गृहपाठ न आणलेल्या पोरासारखा, की तिला हसूच आलं. आणि हसता हसता रडायला आलं. ते रडणं हार्मोनचं का आपलं, हेही आता कुणी सांगू शकणार नव्हतं. "मला परत अर्धी व्हायचं नाहीये," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी घाबरत होते, मास्तर. मला वाटलं, संपलं ते. वाटलं, चाळिशी गेली, आता आतून कुणीतरी खरी उलकान निघाली. आणि निघाली काय, तर गळ्यातली गाठ."

मेदेरबेकनं कागद गोळा केले. लपवले मात्र नाहीत, टेबलावर तिच्यासमोर ठेवले. तो त्याला सुचलेला सगळ्यात मोठा सन्मान होता, आणि तिला तो कळला.

गुरुवारी सकाळी तिनं दोन्ही गोळ्या घेतल्या आणि बाजारात गेली. वाटेत मनाशी ठरवत होती की शुक्रवार होऊन जाऊ दे, मग सांगू. जाकिटं आली, विकली गेली, तर सांगायची गरजच काय? रेनकोटाच्या वेळी तरी कुणी रक्त तपासलं होतं?

साडेनऊला झूरा-एजे आली. हातात दोनशे सोमची नोट, चेहऱ्यावर झोप. सवयीनं नोट उलकानच्या तळहातावर ठेवली आणि मोज्यांच्या गिऱ्हाइकाबद्दल काहीतरी सांगायला लागली. मग थांबली.

नोट पडून होती. नुसती, सपाट, वाऱ्याविना.

"हात गप्प का आज?" झूरा-एजेनं विचारलं.

उलकानला वाटलं, म्हणावं, थकलाय. झोपेत अवघडला म्हणावं. एवढंच तर म्हणायचं होतं. पण तिला समोर ती नोट दिसत होती आणि नोटेच्या पलीकडे घोडा दिसत होता, झूरा-एजेच्या नवऱ्याचा, जो अजून विकतही घेतलेला नव्हता. आणि बऱ्याच महिन्यांनी, ओळखीचा पाहुणा यावा तसा, पोटात भीतीचा गोळा आला. तिनं त्याला बसायला जागा दिली.

"एजे, बस जरा. पेरीझातला बोलाव. सगळ्यांना बोलाव."

सहा जणी आल्या, मोज्यांच्या गठ्ठ्यांवर आणि उलट्या बादल्यांवर बसल्या. तिनं सगळं सांगितलं. बोटांवरचा कागद, ग्रंथी, तिप्पट हार्मोन. गायीवाली बाईसुद्धा सांगितली. बोलून झालं तेव्हा गल्लीतून सामोसेवाली गाडी ढकलत गेली आणि कुणीही काही घेतलं नाही.

पेरीझात आधी बोलली. "म्हणजे आम्ही रोज सकाळी तुझ्या आजाराच्या पाया पडत होतो?"

"तसंच काहीसं."

"डॉक्टर लोकांना काय," कानटोप्यावाली थोरली म्हणाली, "त्यांना सगळ्यात रोगच दिसतो. पाऊस पण हिच्या गळ्यातून पडला का?"

दोघी-तिघी हसल्या. झूरा-एजे हसली नाही. ती आपल्या गुडघ्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "पाऊस आपोआप पडला गं. हिनं फक्त रेनकोट घेतले. आपण दोन्ही हिच्या नावावर मांडलं." मान वर करून तिनं उलकानकडे पाहिलं. "हे शुक्रवारनंतर सांगितलं असतंस, तर मी तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता."

"माहितीये."

"आता काय करायचं म्हणते तुझी ती बाई?"

"चार माणसांत बसून ठरवा म्हणाली."

"सहा आहोत. चालतं का विचार." झूरा-एजेनं बादली पुढे ओढली. "पूर्वी काय करायचीस तू? ते फोन? कर ना मग. मोठ्या आवाजात लाव, आम्हालाही ऐकू दे."

उलकाननं खणातून जुनी वही काढली. एप्रिलपासून तिला हात लावलेला नव्हता. पहिला फोन नारीनच्या बुरमाकानला, जी गेली दहा वर्षं तिच्याकडून माल नेत होती.

"चंदेरी?" फोनमधून आवाज आला. "शुद्धीवर आहेस ना गं? आमच्याकडे पोरं कोळशाच्या ढिगाशेजारी वाढतात. संध्याकाळपर्यंत त्या चांदीचा तवा होईल. निळं पाठव. काळं पाठव. दोनशे घेईन."

सहा जणींनी एकमेकींकडे पाहिलं. दुपारपर्यंत अकरा फोन झाले. ओशवालीनं दीडशे सांगितली, आणि तिच्या सुनेची तक्रारही, ती सगळ्यांनी मन लावून ऐकली. तलासवाली म्हणाली, यंदा घेवड्याला भाव नाही, लोकांकडे पैसे कमी, साठ पाठव. पेरीझात वहीत लिहीत होती. शेवटी बेरीज झाली अकराशे. सगळी निळी आणि काळी.

पेरीझातनं वही उलकानपुढे सरकवली. पाच हजारांतून अकराशे गेले की किती उरतात हे मोज्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना कागदावर करावं लागत नाही.

"उरलेली आपण पांघरली असती," झूरा-एजे म्हणाली. "सहा जणी. जन्मभर."

तेव्हा मात्र सगळ्या हसल्या. उलकानही हसली, आणि हसता हसता तिच्या पेनानं सवयीनं अकराशेला दोननं भागलं. साडेपाचशे. तो आकडा वहीत असा आरामात बसला होता, जणू चार महिने तिची वाटच बघत होता.

झूरा-एजेनं वाकून पाहिलं. "अर्धी करू नकोस हं," ती हळूच म्हणाली. "अकरा जणींनी तोंडानं मागितलीत."

उलकाननं साडेपाचशे खोडलं. अकराशे लिहिलं. मग थोडा वेळ पेन हातात धरून बसली. हात अगदी स्थिर होता. तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली. चंदेरी, तीनशे.

"ही कुणी मागितली?" पेरीझातनं विचारलं.

"कुणीच नाही. ही माझ्या एकटीच्या पैशातली. बुडाली तरी आमचं घर सूप पिऊन निघेल एवढीच आहेत. मास्तरला विचारून सांगते, नाहीतर डॉक्टर म्हणेल एकटीनं ठरवलं." तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. तो बराच विचार करून म्हणाला, तीनशे ठीक आहे, आणि कंटेनर?

"कंटेनर राहू दे तुझ्या उत्तर ध्रुवावर."

तोलकुनला सांगितलं तेव्हा त्याची गोडी जरा कमी झाली. चौदाशेला नऊचा भाव मिळणार नव्हता, अकरा लागणार होते. "तुम्ही तर सिंहीण होतात एजे," तो म्हणाला, "काय झालं?"

"गोळी चालू आहे," उलकान म्हणाली.

झूरा-एजेचे पैसे तिनं त्याच दिवशी तिच्या हातात परत दिले. झूरा-एजेनं नाही-नाही म्हणत घेतले, कपड्यांआडच्या पिशवीत खोल ठेवले, आणि वरून दोनदा थोपटले. ऑक्टोबरात गावी आश झाला. घोडा एकच होता, पण चांगला होता. उलकान आणि मेदेरबेक दोघंही गेले, आणि भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं उलकानला म्हटलं, पोरी, उन्हाळ्यात बाजारात पाहिलं तेव्हा हाडं होतीस, आता माणसात आलीस. तिनं ते कौतुक म्हणून घेतलं.

निळी आणि काळी नोव्हेंबरात संपली. नफा झाला, नाचण्याइतका नाही. स्कर्ट पुन्हा कमरेवर राहायला लागले. पहाटे चारला जाग येत नव्हती, आणि कधीकधी सकाळी सातला उठल्यावर तिला त्या चारच्या उलकानची आठवण यायची, दूर देशी गेलेल्या बहिणीची यावी तशी. जिच्याशी पटत नव्हतं, पण जी घरात असली की घर भरल्यासारखं वाटायचं.

चंदेरी मात्र शिडीवरच्या कंटेनरमध्ये चमकत पडून होती. तीनशेतली एकशे दहा गेली, तीही हौशी बापांनी नेली.

डिसेंबरात तलासवालीचा फोन आला. "ती तुझी चंदेरी आहेत का अजून? इथे सकाळी काळोखात पोरं हायवेवरून शाळेला जातात. एकानं घातलं होतं, तर ट्रकवाल्याला लांबून दिसलं म्हणे. आता सगळ्या आयांना तेच हवंय. किती आहेत?"

"एकशे नव्वद."

"सगळी पाठव."

फोन मोठ्या आवाजातच होता, ती सवय आता लागून गेली होती. झूरा-एजे मोज्यांच्या ढिगाआडून उठून आली. "हे ट्रकचं तुला आधी सुचलं होतं?"

हो म्हणायला काय जात होतं. गल्लीत संध्याकाळपर्यंत पुन्हा रांग लागली असती.

"नाही गं एजे," उलकान म्हणाली. "मला आवडली होती, म्हणून घेतली."

झूरा-एजेनं खिशातून भवानीची नोट काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"थरथर गेलीये," उलकान म्हणाली. "आता काही होणार नाही त्यानं."

"माहितीये. हात गरम असतो तुझा, नोट जरा शेकून निघते." झूरा-एजे म्हणाली. "आण इकडे, गिऱ्हाईक थांबलंय."